हातची भेट

(हीरक महोत्सवी वर्षात भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘शाळेची वाटचाल’ असा विषय छापला आहे. वाटचालीचा वृत्तांत सचिवांनी नुकताच वाचला आणि तो याच अंकात छापूनही येणार आहे. तेव्हा तेच पुन्हा सांगून मी आपला वेळ घेणार नाही. मला आज एका कपाटाविषयी बोलायचे आहे.

मुख्याध्यापकांच्या खोलीत, दाराच्या डावीकडे, एक जुने लोखंडी कपाट आहे. ज्यांना शिक्षा म्हणून त्या खोलीत उभे राहावे लागले, त्यांना ते चांगले आठवत असेल. गेल्या उन्हाळ्यात महोत्सवानिमित्त रंगरंगोटी काढली, तेव्हा ते कपाट हलवावे लागले आणि हलवण्यापूर्वी रिकामे करावे लागले. वरच्या तीन कप्प्यांत अर्थातच फायली होत्या. खालच्या कप्प्यात मात्र गेल्या कित्येक वर्षांत मुलांनी शिक्षकांना दिलेल्या वस्तू होत्या. काड्यापेट्या एकमेकींना चिकटवून केलेले चिमुकले खणांचे कपाट. पळसाचे वाळके पान डकवलेले शुभेच्छापत्र. पानाची आता जाळीच उरली होती. उलटा टाका आणि साखळी टाका घातलेला एक रुमाल. त्यावर ‘बाई’ हा शब्द, आणि त्यातल्या ‘ई’चा रफार जागा संपल्यामुळे खाली उतरलेला. एक शिंग मोडलेला मातीचा बैल. आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली, तडे गेलेली एक मातीची मूर्ती. तिच्याविषयी मी शेवटी बोलेन.

रंगारी म्हणाला, ‘मॅडम, हे कचऱ्यात टाकू का?’ मी नको म्हटले. पण त्याच्या प्रश्नाने मला दिवसभर स्वस्थ बसू दिले नाही. कारण त्याच कपाटावर, काचेच्या पेटीत, समारंभांत मिळालेली पंधरा-वीस स्मृतिचिन्हे झळकत होती. त्यांना त्याने हळुवार हात लावला. ती कुणी, कधी आणि कशासाठी दिली, हे मला आज त्यांवरची अक्षरे वाचल्याशिवाय सांगता येत नाही. खालच्या कप्प्यातल्या वस्तूंवर नावे नाहीत. पण त्यांतल्या बहुतेकांच्या कर्त्यांचे चेहरे माझ्या डोळ्यांपुढे आहेत.

माझे बालपण तुमसरला गेले. भंडारा जिल्ह्यातले हे लहानसे गाव, धानाची मोठी बाजारपेठ, आणि मुंबई-हावडा लोहमार्गावरचे तुमसर रोड हे स्टेशन गावापासून थोडे दूर. आमच्या घरी विकतची भेटवस्तू ही कल्पनाच नव्हती. याचा अर्थ भेटी दिल्या जात नव्हत्या असा मुळीच नाही. उलट वर्षभर काही ना काही केले जात असे. बारशाला कुंची आणि दुपटे, लग्नात रुखवत, संक्रांतीला वाण, आणि नव्या सुनेच्या व तान्ह्या बाळाच्या पहिल्या संक्रांतीला हलव्याचे दागिने.

हे दागिने आई करीत असे. आजच्या मुलांनी ते बाजारात प्लॅस्टिकच्या डब्यात पाहिले असतील. म्हणून ते कसे होतात हे थोडे विस्ताराने सांगते. पौषातली कोरडी थंडी पडली की आई शेगडीवर अगदी मंद विस्तव ठेवून त्यावर परात मांडायची. परातीत खसखस किंवा साबुदाणा. बाजूला साखरेचा एकतारी पाक. चमचाभर पाक दाण्यांवर सोडायचा आणि तो सुकेपर्यंत बोटांच्या टोकांनी दाणे सतत फिरवत राहायचे. पाक सुकला की पुन्हा एक चमचा. घाई करून पाक जास्त घातला की दाण्यांचे गोळे होतात. विस्तव वाढला की साखर पिवळी पडते. असे तीन-चार दिवस, रोज काही तास चालले की दाण्यावर हळूहळू काटा फुटू लागतो. आभाळ भरून आले, हवा दमट झाली, की काटा फुटत नाही. मग आई परात झाकून ठेवायची आणि आभाळाकडे पाहत बसायची. तिच्या बोटांची टोके त्या आठवड्यात लाल झालेली असत. त्यानंतर ते दाणे एकेक करून दोऱ्याने पुठ्ठ्यावर बांधायचे: बांगड्या, हार, बाजूबंद, बाळासाठी मुकुट आणि बासरी. काळ्या साडीवर ते पांढरे दागिने घालून शेजारची नवी सून पाटावर बसली, की आई दारातून नुसती पाहायची. एकदा मी तिला विचारले होते, ‘इतके करतेस, आणि दोन दिवसांत मुंग्या लागतात, काय उपयोग?’ आईने उत्तर दिले नाही. मला वाटते, तिला प्रश्नच कळला नसावा.

मी हे सारे रम्य करून सांगते आहे असे कुणाला वाटू नये. त्या काळी बायकांच्या वेळेला किंमत नव्हती, म्हणूनही या वस्तू ‘फुकट’ होत असत. रुखवतासाठी रात्ररात्र जागून डोळे गमावलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि रुखवत कमी पडले म्हणून सासरी ऐकून घेणाऱ्याही पाहिल्या आहेत. घरी केलेली वस्तू प्रेमाचीच असते असे नाही. कधीकधी ती सक्तीची असते. त्यामुळे ‘पूर्वीचे सारे चांगले’ असे मी म्हणत नाही. आईच्या हाताला एक गोष्ट माहीत होती आणि ती माझ्या हातात आली नाही, एवढीच माझी तक्रार आहे. आणि ती माझ्याविरुद्धच आहे. मला हलवा करता येत नाही. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा चिक्की झाली.

लग्न होऊन मी भिलाईला आले, तेव्हा इथे सारेच परके असेल असे मनाशी धरून आले होते. आपणांपैकी अनेकांच्या वडीलधाऱ्यांचा अनुभव असाच असेल. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि त्या अवघ्या चार वर्षांत धानाच्या शेतांच्या जागी एक शहर उभे राहिले. देशाच्या साऱ्या प्रांतांतून माणसे आली. त्यांत नागपूर, भंडारा, अमरावतीकडून आलेली आपली माणसेही होती. सेक्टरमधल्या एकसारख्या क्वार्टरांत राहताना प्रत्येकाने आपापले सण ट्रंकेत घालून आणले होते. माझे सासरे सांगत, की पहिल्या दिवाळीला रस्त्यात कुणाचे घर कोणत्या प्रांतातले हे दारावरच्या तोरणावरून आणि अंगणातल्या रांगोळीवरून ओळखू येई.

पण मला इथे आल्यावर आश्चर्य वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. सुपेल्याच्या बाजारात पोळ्याच्या आधी मातीचे बैल विकायला आले होते. त्यांना मातीची चाके, आणि शेजारी मुलींसाठी मातीची चूल, जाते, भांडी. छत्तीसगडी माणसे या सणाला ‘पोरा’ म्हणतात, बैलाला ‘नंदिया बैला’ आणि त्या चिमुकल्या जात्याला ‘जांता’. आमच्याकडे विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुले लाकडी बैल सजवून घरोघर मिरवतात आणि बोजारा मागतात. दिवस तोच, फक्त आपण त्याला श्रावणी अमावास्या म्हणतो आणि इथले लोक भाद्रपदातली. कारण महिना मोजण्याची रीत वेगळी. आपल्याकडे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई-भुलोजी मातीचे करून मांडतात. इथे दिवाळीच्या रात्री गौरा-गौरी मातीचेच घडवतात. तेही शिवपार्वतीच. अक्षय तृतीयेला आपण मातीचे करे पुजतो. इथे ‘अक्ती’ला मुले मातीच्या पुतरा-पुतरीचे लग्न लावतात. हरेलीला बांबूची गेंडी करून मुले चिखलावरून चालतात. बिंबाजी भोसले १७५८ साली रतनपूरला आले आणि इथे राहिले. तेव्हापासून मराठी माणसाचे या मातीशी नाते आहे, असे आपण भाषणांत म्हणतो. पण मला ते नाते इतिहासाच्या पुस्तकात सापडले नव्हते. ते मला सुपेल्याच्या बाजारात, दोन रुपयांच्या बैलाच्या रूपाने सापडले. कपाटातला शिंग मोडका बैल तोच.

आता याच राज्यातल्या एका बाईंची गोष्ट सांगते. उत्तरेकडे सरगुजा जिल्ह्यात पुहपुत्रा नावाचे गाव आहे. तिथे सोनाबाई रजवार राहत होत्या. लहान वयात लग्न झाले, नवरा वयाने बराच मोठा. त्याने त्यांना घराबाहेर पडू दिले नाही, आणि हे एक-दोन महिने नव्हे, सुमारे पंधरा वर्षे चालले. माहेर नाही, शेजारीण नाही, बाजार नाही. पदरी एक लहान मुलगा. त्याला खेळायला काहीच नाही, म्हणून त्यांनी अंगणातली माती मळून त्याला खेळणी करून दिली. पक्षी, माकडे, माणसे. मग घराच्या भिंतींवर ती चित्रे उमटू लागली. ऊन आत फार येते म्हणून त्यांनी बांबूच्या पातळ कामट्या वाकवून वर्तुळे केली, ती एकमेकींना बांधली, त्यांवर माती लिंपली आणि ओसरीला एक जाळी उभी केली. त्या जाळीतून सावली आत आली, वारा आत आला, आणि जाळीच्या भोकाभोकांत मातीचे पक्षी येऊन बसले. रंग कुठून आणणार? स्वयंपाकघरातल्या जिनसा, झाडपाला आणि माती यांतूनच त्यांनी रंग काढले. कुणी शिकवले नव्हते आणि दाद द्यायलाही कुणी नव्हते.

१९८३ साली भोपाळच्या भारत भवनाची मंडळी लोककलांचा शोध घेत त्या घरापर्यंत पोचली. पुढे सोनाबाईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यांची कामे परदेशांत गेली, आणि २००७ साली त्या वारल्यानंतर दोन वर्षांनी अमेरिकेत सॅन दिएगोच्या संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले. पुहपुत्र्यात आज अनेक जण ते काम करतात. या गोष्टीतला पुरस्काराचा भाग मला तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. पुरस्कार न मिळता तर ती जाळी कमी सुंदर ठरली असती का? आणि त्या पंधरा वर्षांच्या कोंडवाड्याचे कुणी कौतुक करू नये. त्यातून कला निघाली म्हणून कोंडणे क्षम्य ठरत नाही. मला थांबून पाहावेसे वाटते ते पहिल्या खेळण्यापाशी. मुलगा रडत होता आणि हाताशी माती होती. साऱ्या जगाने नंतर जे पाहिले, ते मुळात एका मुलाला दिलेली घरगुती भेट होते.

शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत हा विषय जुना आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण हा विचार मांडला आणि डॉ. झाकिर हुसेन समितीने त्याचा अभ्यासक्रम तयार केला. पुढे कोठारी आयोगाने त्यालाच कार्यानुभव म्हटले. आता २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे शिकण्यासाठी सांगितले आहेत. नावे बदलत गेली. प्रत्यक्षात शाळांत काय झाले, ते मी प्रामाणिकपणे सांगते: कार्यानुभवाचा तास हा गणिताचा राहिलेला भाग पुरा करण्याचा तास झाला. मी मराठीची शिक्षिका. मीही तो तास व्याकरणासाठी कितीदा मागून घेतला आहे.

वास्तविक गणिताचाच भाग त्या तासात अधिक चांगला झाला असता. आय.आय.टी. कानपूरमध्ये शिकलेले अभियंते अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याला आयुष्य वाहिले; पुण्याच्या आयुकामध्ये त्यांनी अनेक वर्षे काम केले, २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची अगदी पहिली युक्ती काड्यापेटीतल्या काड्यांची आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची. ट्यूबचे लहान तुकडे करून त्यांत काड्यांची टोके घालायची. चार काड्यांचा चौकोन करा; दाबला की तो कलतो, समभुज चौकोन होतो. तीन काड्यांचा त्रिकोण करा. कितीही दाबा, कलत नाही. गेल्या जुलैत मी सातवीच्या वर्गात हे करून घेतले. एक मुलगा पाच मिनिटे त्रिकोण दाबत बसला होता. मग म्हणाला, ‘बाई, म्हणून प्लांटच्या शेडच्या कैचीत सगळे त्रिकोणच असतात!’ त्याचे वडील कारखान्यात कंत्राटी फिटर आहेत. त्याने ती कैची लांबून पाहिली असेल. खर्च आला तो काड्यापेटी आणि सायकलच्या दुकानातल्या वीतभर नळीचा.

पालकहो, आता थोडे कडू बोलते. आपल्या शाळेच्या आसपासच्या स्टेशनरीच्या दुकानांत आज तयार ‘प्रोजेक्ट’ मिळतात. ज्वालामुखी, सूर्यमाला, पावसाचे पाणी साठवणारे घर. विषय सांगा, संध्याकाळी घेऊन जा. मुलाला केवळ नावाची चिठ्ठी चिकटवायची असते, आणि तीही कधीकधी आईच्या अक्षरात असते. मी पालकांना दोष देऊन मोकळी होणार नाही. दोन्ही पालक नोकरीला, घरी यायला रात्र होते, आणि आम्ही शिक्षक सकाळी वहीत लिहून देतो: ‘उद्या प्रतिकृती आणणे.’ उद्या! एका रात्रीत मूल काय करणार? ते दुकान आमच्याच सूचनेवर चालते. या वर्षापासून मी शिक्षकांना सांगितले आहे, की जी वस्तू शाळेत, आमच्यासमोर करता येणार नाही ती घरून आणायला सांगायची नाही. आमच्यापैकी काहींना हे आवडलेले नाही. वर्गात चिखल होतो, डिंक सांडतो. होऊ दे.

आता आपल्या खुर्चीवर ठेवलेल्या वस्तूकडे पाहा. धानाच्या लोंब्यांची ती लहान झालर आहे. तिच्यामागे एक लांबलेला वाद आहे. महोत्सव समितीच्या बैठकीत पाहुण्यांना आणि माजी विद्यार्थ्यांना काय द्यायचे असा प्रश्न निघाला. शाळेचे चित्र कोरलेली काचेची स्मृतिचिन्हे, एकेक तीनशे रुपयांची, असा प्रस्ताव होता, आणि एका उदार माजी विद्यार्थ्याने त्याचा सारा खर्च उचलण्याची तयारी दाखवली होती. मी म्हटले, मुले काहीतरी करतील. क्षणभर कुणी बोलले नाही. मग समितीतले एक ज्येष्ठ सदस्य सौम्यपणे म्हणाले, ‘बाई, इतक्या लांबून लोक येणार. त्यांच्या हातात गवत द्यायचे? मराठी शाळा आधीच गरीब समजली जाते.’

त्यांचे म्हणणे मला खोटे वाटले नाही. आपण सारे हे जाणतो. आपले वर्ग आता पूर्वीसारखे भरलेले नाहीत. एका वर्गात जिथे पन्नास मुले दाटीने बसत तिथे आज अठरा आहेत. प्रवेशाच्या दिवसांत पालक येतात, इमारत पाहतात, फाटकापासून परत जातात. अशा शाळेने चमकदार दिसावे असे तिच्या हितचिंतकांना वाटले तर त्यात त्यांचे काय चुकले? तीन बैठका झाल्या. अखेर ठरले ते असे: काचेच्या स्मृतिचिन्हांची रक्कम प्रयोगशाळेच्या नळांसाठी आणि ग्रंथालयाच्या छपरासाठी वापरायची; भेट मुले करतील; आणि ती शोभली नाही तर जबाबदारी मुख्याध्यापिकेची. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे कबूल करते.

झालर करायला आम्हांला शिकवले ते आपल्या शाळेतल्या शिपाईमावशींच्या आईने. वय पंचाहत्तरच्या पुढे, राहणार धमध्याकडच्या एका खेड्यात. छत्तीसगडमध्ये दिवाळीच्या सुमारास नव्या धानाची अशी झालर दाराला बांधतात. ‘चिरई चुगनी’ हे तिचे एक नाव. पाखरांनी टिपायची वस्तू. आजींनी पहिल्याच दिवशी आमचा माल नापास केला. आम्ही दुपारी कापलेल्या, खडखडीत वाळलेल्या लोंब्या आणल्या होत्या. वळवताच देठ तुटत आणि दाणे गळत. लोंबी सकाळी दवात कापायची, देठ लांब ठेवायचा, काम करताना देठ ओल्या फडक्यात गुंडाळायचे, हे त्यांनी सांगितले. मग तीन देठांची वेणी सुरू करायची आणि प्रत्येक पेडाला एक नवी लोंबी आत घ्यायची, लोंब्या सगळ्या एकाच बाजूला पडतील अशी. वेणी घालता येणाऱ्या मुलींना वाटले, हे आपल्याला येतेच. पण केसांची वेणी खाली निमुळती होत जाते. ही रुंद होत जाते, आणि हात गोंधळतो. आठवीतल्या मुलांनी आधी ‘हे मुलींचे काम’ म्हणून नाक मुरडले. दोन दिवसांनी त्यांच्यातल्याच एकाची वेणी सर्वांत घट्ट निघाली. तेव्हापासून तो विषय संपला.

एका मुलीने आजींना विचारले, की पाखरांनी दाणे खाल्ले तर झालर संपून जाईल, मग एवढी मेहनत का करायची? आजी हसल्या आणि म्हणाल्या, ‘चिरई मन बर घलो कुछु रहना चाही, नोनी.’ पाखरांसाठीही काही असायला हवे, पोरी. मला एकदम आईची परात आठवली. चाळीस वर्षांपूर्वी मी विचारलेला प्रश्न तोच होता.

तर, आपल्या हातातल्या झालरींपैकी काही सैल आहेत, काहींचे दाणे आताच गळू लागले असतील. चांगल्या झालरी पाहुण्यांना आणि वाकड्या आपल्याच माणसांना असा भेद आम्ही केलेला नाही. मुलांनी डोळे मिटून वाटल्या आहेत. कुणाला वाकडी आली असेल तर शेजाऱ्याच्या झालरीकडे पाहू नये. घरी गेल्यावर ती गच्चीत किंवा खिडकीबाहेर बांधा, आणि दोन-चार दिवस वाट पाहा. शहरातल्या पाखरांना तिची ओळख व्हायला वेळ लागतो. परदेशांतून आलेल्यांना मात्र एक सूचना: ही झालर विमानात नेऊ नका. टरफलासह धान अनेक देशांत आणू देत नाहीत, आणि विमानतळावर ती काढून घेतील. ती इथल्या आपल्या नातेवाइकांच्या दारी बांधून जा. आपल्यासाठी जुन्या साड्यांच्या कापडी पिशव्या दारापाशी ठेवल्या आहेत. शिवण पाचवीतल्या मुलांची आहे, त्यामुळे जड सामान भरू नये.

दर शनिवारी शेवटचे दोन तास आता आम्ही हातकामासाठी राखले आहेत. त्या तासांना शिकवायला मला माणसे हवी आहेत. आपणांपैकी कुणाला गोधडीचा धावदोरा घालता येत असेल, कुणाला आकाशकंदील बांधता येत असेल, कुणी कारखान्यात आयुष्यभर पत्रा वळवला असेल, कुणाची आई अजून हलव्याला काटा आणू शकत असेल, त्यांनी यावे. मानधन देता येणार नाही. चहा मिळेल. आणि कृपा करून सुंदर नमुना आधी करून आणू नका. तो पाहिला की मुले तसाच करायला जातात आणि नाही जमला की सोडून देतात.

आता ती मूर्ती.

सव्वीस वर्षांपूर्वी, मी नोकरीत नवी असताना, शाळेत हस्तकला प्रदर्शन भरले होते आणि परीक्षक म्हणून मी होते. एका मुलाने थर्मोकोलची झोतभट्टी आणली होती. आत लाल दिवे, वर धूर दाखवणारा कापूस. मी त्याला विचारले, ‘खनिज वरून जाते की खालून?’ त्याला सांगता आले नाही. बाजूला सहावीतल्या एका मुलीने भुलाबाई-भुलोजी मांडले होते. माती काळी, रंग घरचे, आणि भुलाबाईच्या गळ्यापासून पोटापर्यंत मोठा तडा. मी तिला विचारले, ‘तडा का गेला?’ ती म्हणाली, ‘बाई, मी ओली मूर्ती उन्हात ठेवली. वरची माती आधी वाळली आणि आतली ओलीच राहिली. सावलीत वाळवायला हवी होती. पुढच्या वेळी मातीत तणसाचा भुसा मिसळीन, म्हणजे धरून राहील.’

तिने जे सांगितले ते कोणत्याही कुंभाराने सांगितले असते. मला ते कळलेही होते. तरी मी पहिले पारितोषिक झोतभट्टीला दिले, कारण दुसऱ्या दिवशी बाहेरचे पाहुणे प्रदर्शन पाहायला येणार होते आणि तडा गेलेल्या मूर्तीपुढे पहिल्या क्रमांकाची चिठ्ठी कशी दिसेल, हा विचार माझ्या मनात आला. दुसरे किंवा तिसरेही मी तिला दिले नाही. प्रदर्शन संपल्यावर तिने भुलोजी घरी नेला आणि भुलाबाई माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाली, ‘ही तुम्हांला.’ मी ती कपाटात ठेवली. पुढच्या जूनमध्ये ती शाळेत आली नाही. वडिलांचे कंत्राट संपले आणि कुटुंब गावी गेले, एवढेच कळले.

ती भुलाबाई आज प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. तडा बुजवलेला नाही. ती मुलगी आता अडतीस-एकोणचाळीस वर्षांची असेल. आजच्या आमंत्रणाच्या निरोपावरून ती इथे आली असेल, किंवा आपणांपैकी कुणी तिच्या वर्गात असेल आणि ती कुठे आहे हे जाणत असेल, तर भोजनापूर्वी मला येऊन सांगावे. मी टेबलापाशीच उभी असेन. त्या वर्षीच्या पारितोषिकाचे पुस्तक मी कालच आणून ठेवले आहे.